स्वस्तातली चूक

लग्नाच्या पंगतीला स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाटली कसल्याशा सरबताची होती, तिला बायकोने शिवलेला खाकी झगा होता आणि आत उकळून गार केलेलं पाणी असे. वाढपी तांब्या घेऊन आला की हे गृहस्थ पेल्यावर हात ठेवत आणि सावकाश झग्याचं बटण उघडत. यजमानीणबाईंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होई. एवढा अपमान व्याह्यांनीसुद्धा केलेला नसायचा.

हे आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर. ग्वाल्हेरला लष्कर भागात आम्हा मराठी लोकांची शाळा होती, तिथे ते विज्ञान शिकवत आणि मी संस्कृत. दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची नुसती आडभिंत होती. त्यामुळे माझे विद्यार्थी विज्ञानात बरे निघत. संस्कृतात कोणाचेच निघत नसत.

आमच्या गावात दक्षिणेतून दोन प्रकारची घरं आली. काही तलवार घेऊन आली, काही पंचांग घेऊन. मास्तरांचे पणजोबा पहिल्यांतले, माझे दुसऱ्यांतले. पुढे तलवारी गंजल्या, पंचांग बाजारात छापील मिळू लागलं, आणि दोन्ही घरांतली पोरं मास्तर झाली. तरीही आमच्याकडे एक वस्तू होती जी त्यांच्याकडे नव्हती. नया बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत पणजोबांनी बांधलेली विहीर होती. कठड्यावर त्यांच्या नावाचा दगड होता आणि दर दसऱ्याला आम्ही त्या दगडाला झेंडूची माळ घालत असू. माळ विहिरीला होती की आम्हाला, हे कधी कोणी विचारलं नाही.

मास्तरांनी विचारलं असतं. विचारणं हा त्यांचा आजारच होता. तुम्ही काहीही म्हणा, ते म्हणत, "कशावरून?" आज उकाडा आहे म्हटलं, तरी कशावरून. हेडमास्तर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "मुलांचं आरोग्य सुधारतंय." मास्तर म्हणाले, "कशावरून?" हेडमास्तरांनी चहा अर्धा टाकला आणि उठून गेले. मी त्यांना एकदा सांगितलं, "अहो, माणसं बोलतात ती काय पुरावा द्यायला?" तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कशावरून, शास्त्रीबुवा?" मला ते कायम शास्त्रीबुवा म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा अंदाज मी वीस वर्षं करत राहिलो.

अभ्यासक्रमाशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. प्राणवायू तयार करणे, चुंबकाचे गुणधर्म वगैरे ते दिवाळीच्या आत गुंडाळत. मग त्यांचा खरा तास सुरू व्हायचा. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लिहायचं, 'असं ठरवलं आणि चुकलो.' उजवीकडे, 'तसं ठरवलं आणि चुकलो.' मग गावातला एखादा प्रश्न घ्यायचा. मिलच्या चिमणीखाली घर भाड्याने घ्यावं का? नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पालक खावा का? हिवतापाची फवारणी करणारी माणसं दारात आली तर त्यांना आत घ्यावं का? मुलांनी दोन्ही रकाने भरायचे आणि तास संपायच्या आत ठरवायचं. माहिती पुरेशी नाही, ही सबब चालत नसे.

"माहिती पुरी झाल्यावर ठरवायला अक्कल लागत नाही," ते म्हणत. "ते काम कारकुनाचं."

एकदा इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी फळा पाहिला आणि बरोबर उत्तराचा रकाना शोधत विचारलं, "मास्टर साहब, इसमें सहीवाला खाना कहाँ है?" मास्तर म्हणाले, "वो ऊपरवाले के पास है, साहब. हमारे पास ये दो ही हैं." इन्स्पेक्टरांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षक नास्तिक वाटतात. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

या दोन रकान्यांचं सार म्हणून त्यांचं एक वाक्य होतं. ते आडभिंतीतून इतकं ऐकलं की माझी पोरं विभक्ती म्हणताना ते मध्येच म्हणत: "चुकायचंच आहे, तर स्वस्तात चुका."

आणि एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची. दर जुलैत शाळा उघडली की पहिल्या तासाला ते नव्या वर्गाला ती वही वाचून दाखवत. गेल्या वर्षात आपण कुठे कुठे चुकलो, ते त्यात लिहिलेलं असे. 'फवारणीने ढेकूण मरतील असे सांगितले. मेले नाहीत.' 'सुधाकरला क्षय नाही असे वाटले. होता.' हेडमास्तरांचं म्हणणं, यामुळे शिक्षकाचा वचक जातो. ते खरंच होतं. मास्तरांना वर्गात कोणी भीत नसे. पोरं त्यांच्या तोंडावर सांगत, "सर, ये तो गलत है, मी स्वतः पाहिलंय," आणि ते वही काढून बसत. माझ्या वर्गात असं कधी घडलं नाही. माझी चूक दाखवण्याइतकं संस्कृत कोणाला येत नव्हतं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दहा वर्षांत आम्ही एका जागी बसून तीन राज्यांत राहिलो. आधी संस्थान होतं. मग मध्यभारत आला. त्याची राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. सरकारला उकाडा सोसत नव्हता. मग तोही गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला निघाली. फायली, खुर्च्या, साहेब, साहेबांचे पट्टेवाले, सगळं स्टेशनावर जाऊन पडलं. आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी फूलबागेत संध्याकाळी बसून, भोपाळचं हवामान किती वाईट आहे, याची चर्चा करायची. उरलेल्या निम्म्यांची बदली झालेली नव्हती, म्हणून ती आणखी दुःखी होती.

ही हलवाहलव चालू असतानाच्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली.

वैशाखात दोन घरांतून सुरुवात झाली आणि पंधरा दिवसांत अकरा घरांत माणसं पिवळी पडली. लोकांनी करायचं ते सगळं केलं. माळा घातल्या, उतरवून घेतली, उसाचा रस आणला. मास्तरांनी सुट्टीत नववीची आठ पोरं गोळा केली, गल्लीचा नकाशा काढला आणि त्यांना घरोघर पाठवलं. प्रश्न दोनच. घरात आजारी कोण? पिण्याचं पाणी कुठलं?

आता आमच्याकडे पाण्याचे दोन पंथ होते. नोकरदार, नव्या वळणाची घरं नळाचं पाणी पीत. आमच्यासारखी जुनी घरं विहिरीचं, कारण नळाच्या तोंडात चामड्याची चकती असते. चामड्याला लागलेलं पाणी देवाला कसं चालेल? विहिरीपासून दहा हातांवर नवी मोरी बांधली होती आणि ती पाझरत होती, ही गोष्ट वेगळी. मोरीत चामडं नव्हतं.

मास्तर पाण्याचा नमुना घेऊन तपासणीच्या कचेरीत गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं, विहीर आमची ना. तिथला बाबू ट्रंकेवर बसून दोरी बांधत होता.

"माट्साब, पानी तो जाँच लें," तो म्हणाला, "पर रिपोर्ट किस सरकार के कागज़ पर लिखें? पुराना छपा हुआ चलता नहीं, नया आया नहीं."

"मग?"

"सैंपल भोपाल जाएगा."

"पहुँचेगा?"

बाबूने प्रामाणिकपणे विचार केला. "फ़ाइल तो पहुँचेगी," तो म्हणाला.

नमुन्याची बाटली त्याने खिडकीत ठेवली. ती तिथे दसऱ्यापर्यंत होती, मी नंतर पाहिली. तिच्यात छान हिरवं शेवाळ वाढलं होतं.

म्हणजे सगळा भार पोरांच्या नकाशावर आला. आणि नकाशा काही जुळेना. अकरांपैकी सहा घरं विहिरीची. उरलेली पाच चक्क नळाची. मास्तर दोन दिवस तो कागद घेऊन ओट्यावर बसलेले मी पाहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते की कारण काहीही निघो, तोवर पाणी उकळून प्या. आमच्या समोरच्या घरी जाऊन त्यांनी हे खास सांगितलं, कारण तिथल्या सुनेला, कमलला, सातवा महिना होता.

इकडे माझे चुलते, अण्णाकाका, पेटले. विहिरीवर संशय म्हणजे पणजोबांवर संशय. त्यांनी दत्ताच्या देवळात गल्लीची सभा बोलावली आणि मला सांगितलं, "तू शिकलेला आहेस. त्या बाटलीवाल्याला तू उत्तर दे."

सभेच्या दिवशी दुपारी मी भाषणाची जुळवाजुळव करत होतो. पत्नी भाजी निवडत होती. मी तिला मोठ्या ऐटीत म्हटलं, "पाच घरं नळाची आहेत. तिथे कावीळ कुठून गेली? संपला मास्तरांचा मुद्दा."

ती म्हणाली, "पन्ह्याचं कोणी विचारलं?"

"कसलं पन्हं?"

"आपल्या गौरीचं. चैत्राच्या हळदीकुंकवाला त्या पाचही घरच्या बायका आल्या होत्या की, पोरांना घेऊन. दोन-दोन पेले प्यायल्या."

"कैऱ्या उकडल्या होत्या ना?"

"कैऱ्या उकडल्या होत्या. पाणी नव्हतं उकडलं. आणि देवीचं पन्हं, मग पाणी कुठलं असणार? नळाचं?"

ती पुढे म्हणाली, "तुमच्या मास्तरांनी पोरं पाठवली ती ओट्यापर्यंत. ओट्यावर बसतं कोण? तुम्ही लोक. तुम्हाला काय पता, घरातल्या बायकांनी कुठे काय खाल्लं-प्यायलं."

"हे आता बाहेर बोलू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठे बोलणार? सभेला बायकांना बोलावलंय तरी का?" असं म्हणून तिने भाजी बाजूला सारली, मोठं पातेलं विहिरीच्या पाण्याने भरलं आणि शेगडीवर चढवलं. आमच्या दोन्ही मुली त्या दिवसापासून उकळलेलं पाणी पिऊ लागल्या.

संध्याकाळी मी सभेत फार सुंदर बोललो. हे मी सांगत नाही, अण्णाकाका सांगत. दोन संस्कृत सुभाषितं घातली. मग मास्तरांचंच हत्यार काढलं. "विहीर दोषी आहे, असं आमचे मित्र म्हणतात. मी त्यांना त्यांच्याच शब्दांत विचारतो, कशावरून?" लोक खदखदून हसले. "नळाच्या पाच घरांनी विहिरीचा थेंब घेतलेला नाही. हा नकाशा त्यांच्याच पोरांनी काढलाय." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, खोटं कशाला बोलू?

मास्तर उभे राहिले. हातात बाटली होतीच. "शास्त्रीबुवांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "या मोजणीवरून विहीर दोषी ठरत नाही. त्या पाच घरांचा उलगडा मला होत नाही. कोणाला काही माहीत असेल तर सांगा." माझ्याकडे त्यांनी खास पाहिलं नाही, ते सगळ्यांकडेच पाहत होते. मी देवळाच्या खांबावरची वेल न्याहाळत होतो. "नसेल तर माझं म्हणणं एवढंच. महिनाभर रहाट काढून ठेवू. विहीर चांगली निघाली, तर महिनाभर पायपीट झाली इतकंच. वाईट निघाली, तर माणसं वाचली. चुकायचंच आहे, तर स्वस्तात चुकू."

"आणि देवाचं पाणी?" अण्णाकाका ओरडले.

"देवाला कावीळ होत नाही," मास्तर म्हणाले. झालं. एवढ्या एका वाक्याने त्यांनी हातातली उरलेली मतंही घालवली. रहाट राहिला.

दोन दिवसांनी मास्तर आमच्याकडे आले. माझं अभिनंदन करायला! "मुद्दा चांगला काढलात," म्हणाले. "मला तो खोडता येईना." पत्नीने पाणी आणलं. त्यांनी सवयीने पेल्यावर हात ठेवला, तर ती म्हणाली, "प्या सर, उकळलेलं आहे."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो पेला उचलून सगळा प्यायले. दुसऱ्याच्या घरचं पाणी पिताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"कशावरून उकळता, शास्त्रीबुवा?" त्यांनी विचारलं. चेष्टेचा सूर नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. पत्नी दारात उभी होती, तीही वाट पाहत होती. सभा नव्हती, अण्णाकाका नव्हते, टाळ्या नव्हत्या. मी म्हणालो, "सहज."

"हं," मास्तर म्हणाले आणि टोपी घेऊन निघाले.

ज्येष्ठात समोरची कमल पिवळी पडली. अशा दिवसांत कावीळ बाईला फार वाईट, हे मला डॉक्टरांकडून तेव्हा कळलं. तिला हॉस्पिटलात हलवलं. मास्तर रोज सायकलीवरून चौकशीला जात. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा फाटकातून परत आलो. तीन आठवड्यांनी ती घरी आली. मूल आलं नाही. टांग्यातून उतरताना तिने पोटाशी एक रिकामी पिशवी धरली होती. ते पाहून मला इतकी लाज वाटली, की मी खिडकी लावून घेतली आणि भर दुपारी अंधारात बसून राहिलो. पत्नी आत आली आणि खिडकी उघडून गेली.

जुलैत शाळा उघडली. पहिल्या तासाला पलीकडून वही उघडल्याचा आवाज आला. मी माझ्या पोरांना पाठांतराला लावलं आणि आडभिंतीजवळ उभा राहिलो. वीस वर्षांत त्या भिंतीला मी आपणहून कान लावला तो पहिल्यांदा. माझं नाव येणार, याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर यावं असंही वाटत होतं. निदान त्यावर चिडता आलं असतं.

मास्तर वाचत होते. "या वर्षीची मोठी चूक. गल्लीच्या मोजणीत मी मुलांना दारात विचारायला पाठवलं. दारात पुरुष येतात. बायकांना विचारलंच नाही. नळाच्या घरच्या बायकांनी चैत्रगौरीला विहिरीच्या पाण्याचं पन्हं घेतलं होतं. हे मला हॉस्पिटलात एका आजारी बाईने सांगितलं. तोवर उशीर झाला होता."

एका मुलाने विचारलं, "सर, पण गल्लीत हे कोणालाच माहीत नव्हतं?"

मी कान आणखी जवळ नेला.

"मी विचारलं नाही, हे मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांचं मी कशावरून सांगू? चला, फळ्यावर रेघ मारा."

माझ्या वर्गात चाळीस पोरं 'देवः देवौ देवाः' म्हणत होती. मी त्यांना तसंच सोडलं आणि पाटणकर बाजारातून तडक घरी आलो. कोपऱ्यावरच्या सुताराकडून पहार घेतली आणि विहिरीवर गेलो. रहाटाच्या खुंट्या फार जुन्या होत्या, सहज निघेनात. अण्णाकाका बाहेर आले, मग आणखी चार माणसं आली. "अरे, वेडबिड लागलं का?" अण्णाकाकांनी विचारलं. मी म्हणालो, "विहीर वाईट आहे. चैत्रगौरीच्या पन्ह्यात हिचंच पाणी होतं, आणि ते मला सभेच्या आधीपासून माहीत होतं." अण्णाकाका त्यानंतर माझ्याशी सहा वर्षं बोलले नाहीत. तेवढा एक फायदा झाला.

एक खुंटी निघाली, दुसरी निघेना. रहाट एका बाजूला कलला आणि दोर सुटून विहिरीत जाऊ लागला. तेवढ्यात कोणीतरी तो पलीकडून धरला. कमल होती. अजून चेहऱ्याला रंग आलेला नव्हता, हातांच्या काड्या झाल्या होत्या.

"सर सांगून गेले तेव्हा सासूबाई उकळायला लागल्या होत्या, भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं भाषण ऐकून मामंजी घरी आले आणि म्हणाले, कशाला लाकूड जाळता, विहीर चांगली आहे. मग बंद केलं."

मी पहार तशीच धरून होतो. एव्हाना गल्लीतली सगळी माणसं जमली होती.

"तुमच्याकडे तेव्हा कुठलं पाणी होतं?" तिने विचारलं.

दोर आमच्या दोघांच्या मध्ये ताणलेला होता. या वेळी मी खांबाकडे पाहिलं नाही.

"उकळलेलं," मी म्हणालो.

तिने दोर सोडून दिला आणि ती घरात गेली. उरलेला दोर सगळा खाली गेला, आणि बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला.